पानगळीत घोडी वाऱ्यावर स्वार! रपेटीची मजा कशी घ्यायची?

टापाटापी:
माझी ठिणगी सात वर्षांची. उन्हाळाभर तिच्याइतकी शहाणी कोणी नाही. रानवाटेने दोन-दोन तास फिरून येतो, लगाम सैल, दोघी खुशीत. पण पानगळ लागली, सकाळचा गारवा झोंबायला लागला की ही बया बदलते. खोगीर चढवतानाच नाकपुड्या फुललेल्या, शेपूट वर. वाटेला लागलो की सरळ चालायचं नावच नाही, आडवी आडवी नाचत जाते. परवा वाळक्या पानांखाली काहीतरी खुसफुसलं आणि हिने एका उडीत वाट सोडली. मी एका रिकिबीवर, खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीवर, लटकलेली. पडले नाही, पण आयाळीचे केस मुठीत आले.

घोडी खोडसाळ नाही हो. लाथ नाही, चावणं नाही, नुसता उत्साह. आणि रान सगळ्यात देखणं याच दिवसांत असतं, नेमकं तेव्हाच मी तासभर लगाम आवळून, बोटं बधिर करून परत येते. काय करू? ‘घोडी विकून टाक’ सोडून काहीही सांगा, ते घरी रोज ऐकते.

लांबदोर:
सोपं आहे. बसायच्या आधी अर्धा तास दोरीवर गोल पळवा. दमली की गाय होते.

जुनीमांड:
लांबदोर, हा उद्योग मी दोन वर्षं केलाय. घोडा दमत नाही, उलट दमदार होतो. सुरुवातीला वीस मिनिटं पुरायची, पुढे चाळीसही पुरेनात. शिवाय छोट्या गोलात सतत पळवलं की सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच. दोरीवर दहा मिनिटं बास. थांबव, दिशा बदल, चार पावलं मागे घे. तिचा कान तुझ्याकडे वळला की बस.

टापाटापी, आधी चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खुराकाचं बघ. दिवस लहान झाले, रपेट कमी झाली, पण चंदी उन्हाळ्याइतकीच चालू आहे ना? ती हळूहळू कमी कर, पोट वैरणीवर भरू दे. आणि आपल्याला हुडहुडी भरते ती हवा तिला मानवते. साधारण ५ ते २५ अंशांत घोड्याला थंडी-उन्हाचा फारसा त्रास नसतो. उन्हाने आलेली सुस्ती गेली, एवढंच झालंय.

आता लगाम. दोन्ही हातांनी सतत ओढून धरलंस की ती त्यावर रेलते आणि तूच तिला जोर लावायला टेकू देतेस. नाचायला लागली की एकच लगाम आखूड कर, मान वळव, मागचा पाय आडवा पडू दे. जोर तिथेच मोडतो. ती मऊ पडली की त्याच क्षणी सोड. सोडायला उशीर केलास तर सगळं फुकट. हे आधी अंगणात, उभ्याने आणि सावकाश चालीत पक्कं कर. कड्याच्या वाटेवर किंवा भरधाव पळताना मान एकदम वळवायची नाही, दोघी कोसळाल.

बाकी तिला काम दे. या झाडाला डावीकडून, त्याला उजवीकडून. चढ आला की रिकिबीत उभी राहा, पाठ मोकळी सोड आणि दुडकीने चढू दे. दम तिथे निघतो, दोरीवर नाही.

टापाटापी:
पण मग चढ दिसला की पळायचं, अशी सवय नाही का लागणार?

जुनीमांड:
लागते! माझ्या घोड्याला लागली, म्हणून तर सांगतोय. एखादा चढ मुद्दाम चालत चढायचा. आणि घराच्या दिशेने कधीच पळवायचं नाही.

पानवाट:
बुजण्याबद्दल थोडं. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं नाही. उन्हातून सावलीत शिरताना डोळे सरावायला त्याला आपल्यापेक्षा वेळ लागतो. म्हणून झाडीच्या तोंडाशी मी क्षणभर थांबते. आपण ज्या लाल पानांवर भाळतो, तो लाल रंग तिला तसा दिसतही नाही. पान हललं मात्र लगेच दिसतं. वारं सुटलं असेल तर शांत जोडीदार घोडा पुढे ठेवा. पानांखालचे खड्डे दिसत नाहीत आणि ओली पानं निसरडी, तेव्हा दुडकी ओळखीच्या वाटेवरच. फोन खोगिराच्या पिशवीत नको, अंगावर हवा. घोडी पळाली तर फोनही पळतो. आणि एवढं करूनही पाठीला हात लावताच अंग चोरत असेल, तर खोगीर आणि डॉक्टर, दोन्ही बघा.

टापाटापी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. पाठ, खोगीर ठीक. चंदी निम्म्यावर आणली. पहिले चार दिवस लगाम सोडायचा म्हणजे माझाच जीव वर-खाली, हात आपोआप आवळायचे. मग मोठ्याने आकडे मोजायला लागले, म्हणजे निदान श्वास तरी सुटतो. नाचते अजून, पण दोन-तीन झाडांना वळसे घातले की मान खाली येते. नवे केस दाट आलेत, घाम लवकर वाळत नाही, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं आम्ही नुसत्या चालतो. मी उतरून, तिच्या शेजारून.

काल अशाच चालताना तिने पानांच्या ढिगात नाक खुपसलं, जोरात शिंकली, आणि स्वतःच्याच शिंकेला बुजली.