मराठी फॉन्ट गूगलऐवजी स्वतःच्या सर्व्हरवरून देताना ‘दुसऱ्या’ हा शब्द मोडतो, काय करावे?

इसारकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी म्युनिक येथे राहतो आणि इथल्या एका लहानशा मराठी मंडळाचे संकेतस्थळ फावल्या वेळात सांभाळतो. गणेशोत्सवाचे वेळापत्रक, मुलांच्या मराठी शाळेच्या सूचना आणि आमच्या दिवाळी अंकांतील जुने लेख असा त्यावरचा ऐवज आहे. वाचणारे निम्मे इथले, तर निम्मे पुणे, सांगली, नागपूरकडचे आईवडील आणि नातेवाईक आहेत. सगळा मजकूर ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये असून तो फॉन्ट आजवर गूगल फॉन्ट्सच्या दुव्याने येत होता. पानाच्या शीर्षभागात एक ओळ टाकली की काम झाले, एवढाच विचार मी त्या वेळी केला होता.

मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की आपले पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक) त्याची परवानगी न घेता गूगलकडे जातो, हे मंडळाला मान्य आहे का. मला तेथे उत्तर देता आले नाही. घरी येऊन ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅब उघडला, तेव्हा खरोखरच दोन परके पत्ते दिसले: फॉन्टची सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी फाइल) फॉन्ट्स डॉट गूगलएपीआयज डॉट कॉम येथून येत होती आणि प्रत्यक्ष फाइली फॉन्ट्स डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम येथून.

म्हणून मी फॉन्ट उतरवून घेतला आणि फाइल लहान व्हावी यासाठी एका ऑनलाइन साधनात शाळेत शिकलेली मुळाक्षरे, बाराखडीची चिन्हे आणि अंक टंकून, तेवढीच अक्षरे ठेवून बाकीची काढून टाकली. पान उघडले तेव्हा प्रथमदर्शनी सर्व ठीक वाटले, परंतु एका लेखात ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द आले आणि त्यातील ‘दुस’ मुक्तामध्ये, तर ‘ऱ्या’ निराळ्याच जाडीच्या, किंचित खाली सरकलेल्या अक्षरांत दिसले. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘ॲड.’ यांचीही तीच गत झाली. माझे प्रश्न असे, की हा बदल कायद्याच्या दृष्टीने खरोखर आवश्यक आहे का, भारतातील वाचकांसाठी पान त्यामुळे हळू तर होणार नाही ना, आणि अक्षरे न मोडता फॉन्टची फाइल कशी लहान करावी?

नियमावली यांचे उत्तर

तुमच्या सभासदांचा प्रश्न रास्त आहे आणि योगायोग असा, की त्याचे उत्तर तुमच्याच शहरातील न्यायालयाने दिलेले आहे. लांडगेरिष्ट म्युनिक १ या न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी एका संकेतस्थळाच्या चालकास, पान उघडणाऱ्याचा आयपी पत्ता संमतीवाचून गूगल फॉन्ट्समार्फत गूगलकडे पाठवल्याबद्दल, १०० युरो भरपाई देण्यास सांगितले आणि हा प्रकार पुन्हा घडल्यास अडीच लाख युरोपर्यंत दंडाची ताकीद दिली. निकालातील खरा मुद्दा रकमेचा नाही. चालकाने ‘आमचे न्याय्य हितसंबंध’ असा बचाव घेतला होता आणि न्यायालयाने तो या कारणाने अमान्य केला, की हेच फॉन्ट गूगलशी संपर्क न होऊ देता स्वतःच्या सर्व्हरवरूनही देता येतात. दुसरा मार्ग सहज उपलब्ध असताना परक्याकडे पत्ता पाठवण्याची गरजच उरत नाही.

त्या निकालानंतर जर्मनीत आणि ऑस्ट्रियात पैशांची मागणी करणाऱ्या नोटिसांचा अक्षरशः पूर आला. अशा पत्रांमागील काही जणांवर बर्लिनच्या सरकारी वकिलांनी डिसेंबर २०२२ मध्ये फसवणुकीच्या संशयावरून छापेही घातले. त्यामुळे पत्र आले म्हणून घाबरून लगेच पैसे भरू नयेत आणि आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, हे मी आवर्जून सांगतो. मात्र पत्रे पाठवणारे लबाड निघाले, म्हणून मूळ प्रश्न खोटा ठरत नाही. गूगल फॉन्ट्सची सेवा कुकी ठेवत नाही, असे गूगल सांगते. पण विनंती पोहोचवायची तर आयपी पत्ता द्यावाच लागतो, आणि युरोपीय कायद्याप्रमाणे तो वैयक्तिक माहितीत मोडतो. मंडळाच्या पानावर येणाऱ्या आजींनी फक्त नातवाच्या नाटकाची वेळ पाहायची आहे. त्यासाठी त्यांचा पत्ता तिसऱ्याला कळण्याचे काही कारण नाही.

घाटमाथा यांचे उत्तर

वेगाबद्दल लिहितो. ‘मुक्तासारखा फॉन्ट वाचकाने दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर आधीच उतरवलेला असेल, त्यामुळे गूगलचाच दुवा ठेवणे फायद्याचे’ हा युक्तिवाद एके काळी खरा होता, पण आता नाही. ऑक्टोबर २०२० मधील क्रोम ८६ पासून आणि जानेवारी २०२१ मधील फायरफॉक्स ८५ पासून ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी कॅशे (उतरवलेल्या फाइलींचा साठा) वेगळा ठेवतात, आणि सफारी तर त्याच्याही आधीपासून तसे करत आहे. एका स्थळावर उतरवलेला फॉन्ट दुसऱ्या स्थळाला मिळत नाही, तो पुन्हा उतरवावाच लागतो.

आता परक्या दुव्याने काय घडते ते पाहा. ब्राउझर आधी तुमचे पान आणतो, त्यात गूगलच्या सीएसएसचा पत्ता सापडतो, त्यासाठी नावावरून सर्व्हरचा शोध, त्याच्याशी टीसीपीची जोडणी आणि सुरक्षिततेसाठी टीएलएसची देवाणघेवाण होते. ती सीएसएस हाती आली की तिच्यात तिसऱ्याच पत्त्यावरील फाइल दिसते आणि तीच सगळी पायपीट पुन्हा सुरू होते. सांगलीत मोबाइलचे नेटवर्क क्षीण असेल तर यातील प्रत्येक फेरी जाणवते. फाइल तुमच्याच पत्त्यावर असेल तर आधीच उघडलेल्या जोडणीतून ती येते आणि सीएसएस तुमच्या मुख्य फाइलीतच लिहिलेली असते.

तरीही तुमची शंका अगदीच अनाठायी नाही. गूगलचे सर्व्हर भारतात जवळ आहेत आणि तुमचा बहुधा जर्मनीत असेल, तेव्हा मोठी देवनागरी फाइल तेथून यायला वेळ लागू शकतो. म्हणून बदलापूर्वी आणि नंतर, महाराष्ट्रातील एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर, कॅशे रिकामा करून, मोजून पाहाच. फॉन्टच्या फाइलींना एक वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची कॅशे-मुदत द्या आणि फाइलीच्या नावात आवृत्तीचा अंक ठेवा, म्हणजे एकदा आलेली फाइल त्या वाचकाला वर्षभर परत मागवावी लागणार नाही.

प्रीलोड (फाइल आधीच मागवण्याची सूचना) वापरणार असाल तर फक्त नेहमीच्या जाडीच्या देवनागरी फाइलीसाठी वापरा आणि त्या ओळीत ‘क्रॉसओरिजिन’ हा गुणधर्म न विसरता लिहा. फाइल स्वतःच्याच पत्त्यावर असली तरीही तो लागतो. नसेल तर ब्राउझर तीच फाइल दोनदा उतरवतो.

खिळेजुळारी यांचे उत्तर

मोडलेल्या ‘दुसऱ्या’चे कारण तुमच्या वर्णनातच आहे. शाळेच्या मुळाक्षरांत ‘ऱ’ हे अक्षर येत नाही, परंतु युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) त्याला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतील चंद्रकोरीसारखा अर्धा र याच अक्षराला हलन्त जोडून लिहिला जातो. तुम्ही यादीत ‘र’ दिला, ‘ऱ’ दिला नाही, म्हणून फॉन्टमधून तो गेला आणि ब्राउझरने ते पूर्ण अक्षर संगणकातील दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणले. ‘ॲ’ची कथाही तीच आहे, त्याचा क्रमांक ०९७२. जुन्या मजकुरात हाच अर्धा र, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह अशा क्रमानेही टंकलेला आढळतो. ते चिन्ह २००डी क्रमांकाचे आहे, आणि न दिसणारी गोष्ट टंकून दिलेल्या यादीत कशी येणार? तुमच्या जुन्या दिवाळी अंकांत असे शब्द नक्की सापडतील.

म्हणून देवनागरीत अक्षरे मोजून-निवडून ठेवण्याचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोमन लिपीत ते चालून जाते, कारण तिथे अक्षर म्हणजे बहुतेक वेळा एकच आकृती असते. आपल्याकडे ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘ट्र’, ‘वाङ्मय’ यांच्या आकृत्या फॉन्टमधील जोडाक्षरांच्या नियमांतून तयार होतात, आणि फाइलीचे बरेचसे वजन त्या आकृत्यांचे असते. ते वजन म्हणजे आपली लिपीच आहे. ०९०० पासून ०९७एफ पर्यंतचा देवनागरीचा पूर्ण पट्टा, त्याबरोबर २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य चिन्हे आणि रुपयाचे २०बी९ एवढे ठेवा. फॉन्टटूल्स या पायथन-संचातील पायएफटीसबसेट हे साधन हे काम नीट करते. त्याला लेआउट-फीचर्समध्ये (जोडाक्षरे वगैरे घडवणाऱ्या नियमांत) ‘सर्व’ ठेवण्यास आणि फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या फॉन्ट-स्वरूपात देण्यास सांगा. आतील संक्षेपण ब्रॉटली पद्धतीचे असल्याने वॉफ-२ जुन्या वॉफपेक्षा बरेच हलके होते आणि आजचे सगळे ब्राउझर ते वाचतात.

वजन कमी करायचेच असेल तर जाडी कमी करा. मुक्ताच्या २०० ते ८०० अशा सात जाड्या आहेत, आणि मंडळाच्या स्थळाला ४०० व ७०० या दोन पुरतात. पाच फाइली तिथेच वाचल्या.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गूगल देवनागरीचा आणि रोमनचा पट्टा वेगळ्या फाइलींत देते, आणि पूर्णविराम, स्वल्पविराम व शब्दांमधील मोकळी जागा ही सगळी रोमन फाइलीत असतात. मराठीत आपण दंड न वापरता पूर्णविराम वापरतो, त्यामुळे निव्वळ मराठी परिच्छेदासाठीही ब्राउझर दोन्ही फाइली आणतो. फाइल तुम्ही स्वतः तयार करत असाल तर विरामचिन्हे, अवतरणचिन्हे आणि मोकळी जागा देवनागरीच्याच फाइलीत घाला, आणि सीएसएसमधील युनिकोड-रेंज (कोणत्या अक्षरांसाठी कोणती फाइल आणायची ती नोंद) त्याप्रमाणे लिहा. मग रोमन फाइल केवळ रोमन अक्षरे असलेल्या पानांवरच उतरेल.

पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली आहे का, तेही पाहा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आतच असतात, पण भाषा मराठी असल्याचे सांगितल्याशिवाय ते पुढे येत नाहीत आणि वाचकाला हिंदी वळण दिसत राहते. हे वळण तुमच्या मंडळाला महत्त्वाचे वाटत असेल, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मराठी वळण मुळातच असलेला फॉन्टही पाहावा.

तपासणीसाठी एक साधे पान करून त्यावर ‘दुसऱ्या, तऱ्हा, ॲप, ऑगस्ट, हृदय, ह्रस्व, वाङ्मय, श्री, ट्रॅक्टर, ज्ञान, ॐ, ₹’ असे शब्द लिहा. मग क्रोममध्ये मजकूर निवडून कम्प्युटेड टॅबच्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ पाहा. तिथे मुक्ताशिवाय दुसरे एकही नाव दिसता कामा नये.

जुना_वर्डप्रेसी यांचे उत्तर

परवान्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मुक्ता हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा फॉन्ट असून तो एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली खुला आहे. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यास आणि त्यात काटछाट करण्यास तो परवाना मोकळीक देतो. फक्त परवान्याची फाइल फॉन्टसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. त्या फाइलीत एखादे राखीव नाव नोंदलेले असेल, तर काटछाट केलेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही, हेही वाचून पाहावे. तुमचे स्थळ वर्डप्रेसवर असेल तर एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून त्यातच फॉन्ट लायब्ररी आहे. तिथून बसवलेला गूगल फॉन्ट तुमच्या सर्व्हरवर उतरतो आणि वाचकांना तिथूनच मिळतो.

इसारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पूर्ण पट्टा ठेवून, विरामचिन्हे आत घेऊन, ४०० आणि ७०० अशा दोन फाइली केल्या. ‘दुसऱ्या’ सरळ झाला, आणि २०११ च्या अंकातील एका लेखात अदृश्य चिन्हाने लिहिलेला ‘वाऱ्या’ही. भाषेची नोंद पाहिली तर ती इंग्रजी होती. इतकी वर्षे मी ती पाहिलीच नव्हती. आता ती मराठी केली आहे. सांगलीच्या मावशींच्या फोनवर दोन्ही वेळा मोजले, नव्या मांडणीत मजकूर आधी दिसतो.

मात्र मुखपृष्ठ स्वच्छ झाले तरी कार्यक्रमांच्या पानावर फॉन्ट्स डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम अजूनही दिसते. हे कुठून येते?

घाटमाथा

त्या पानावर सभागृहाचा गूगल नकाशा बसवलेला असेल, किंवा नावनोंदणीच्या अर्जात रीकॅप्चा (अर्ज भरणारा माणूसच आहे ना, हे तपासणारी गूगलची सोय) असेल. दोन्ही स्वतःसाठी रोबोटो फॉन्ट गूगलवरूनच आणतात, आणि तो थांबवणे तुमच्या सीएसएसच्या हाती नाही. नकाशाऐवजी सभागृहाचा पत्ता मजकुरात लिहा आणि ‘नकाशा पाहा’ असा दुवा द्या. ज्याला हवा तो स्वतःहून तिकडे जाईल.

इसारकाठ

नकाशाच होता. काढून पत्ता आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकाचे नाव लिहिले आहे. मागील सभेत प्रश्न विचारणाऱ्या काकांना नेटवर्क टॅब दाखवला, तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळ वाचून पाहिली.