उकळत्या झऱ्यातले विषाणू
पाणी उकळले की सगळेच विषाणू संपतात, हे नेहमी ऐकू येणारे विधान पिण्याच्या पाण्यापुरते ठीक आहे. आमच्या खानापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि घरासाठी तेवढे पुरते. परंतु इटलीतील पोत्सुओलीच्या आम्लयुक्त उष्ण झऱ्यातील आर्कियांना (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या एकपेशीय जीवांना) ग्रासणारा, २००५ साली वर्णिलेला एक विषाणू पेशीतून लिंबाच्या आकारात बाहेर पडतो आणि नंतर, पेशीबाहेरच, ८५ अंशांच्या सुमारास त्याच्या दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात. पेशीबाहेरचा विषाणू म्हणजे निपचित कण, असे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला हे पचायला जडच गेले. सल्फोलोबस या अशाच उष्ण झऱ्यांतल्या आर्कियाचे काही विषाणू तर पेशीच्या आवरणावर सात बाजूंचे पिरॅमिड उभारतात आणि ते पाकळ्यांसारखे उमलल्यावर त्यांतून बाहेर पडतात.