फोनचा पत्ता बदलतो, मनगटावरच्या पट्ट्याचा मात्र बदलत नाही. मग माग लागायचा थांबतो का?

प्रश्न

महिनाभरापूर्वी मी अँड्रॉइड फोनवर एक ब्लूटूथ स्कॅनर अ‍ॅप घेतले आणि माझीच उपकरणे बाहेरच्याला कशी दिसतात, याची नोंद ठेवू लागलो. फोनच्या वाय-फायसाठी यादृच्छिक (रँडम) मॅक पत्त्याचा, म्हणजे उपकरण हवेत सांगते त्या ओळख-क्रमांकाचा, पर्याय चालू असल्याने मी निश्चिंत होतो. परंतु मनगटावरचा फिटनेस बँड सलग तीन आठवडे एकाच पत्त्याने दिसत राहिला. अ‍ॅपमध्ये त्या पत्त्यापुढे ‘रँडम’ असे लिहिलेले आहे, तरीही तो बदललेला नाही. दोन ठिकाणी साधे रिसीव्हर ठेवणाऱ्या कोणालाही मी कधी आलो आणि कधी गेलो हे कळू शकेल, असा याचा अर्थ होतो का? आणि बाहेर पडताना फोनचे ब्लूटूथ बंद केले तर पुरेसे होईल का?

उत्तर १

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथे नकळत उलटे घडते. बँड फोनशी जोडलेला असताना बहुतेक बँड आपली ओळख हवेत प्रसारित करणे थांबवतात. त्यांचे संभाषण ३७ डेटा-वाहिन्यांवर उड्या मारत चालते आणि त्यात त्यांचा पत्ता पुन्हापुन्हा येत नाही. तुम्ही फोनचे ब्लूटूथ बंद केले की जोडणी तुटते, आणि बँड फोनच्या शोधात ३७, ३८ व ३९ या क्रमांकांच्या तीन वेगळ्या प्रसारण-वाहिन्यांवर दर थोड्या वेळाने आपला पत्ता सांगू लागतो. म्हणजे फोन गप्प होतो आणि बँड बोलका होतो. बंद करायचे असेल तर दोन्ही बंद करावेत, नाहीतर दोन्ही जोडलेले राहू द्यावेत.

‘रँडम’ या शब्दाने तुमची दिशाभूल झाली आहे. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये, म्हणजे बँडसारखी उपकरणे वापरतात त्या कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमध्ये, यादृच्छिक पत्त्याचे प्रकार आहेत. पत्ता ‘रँडम’ असून त्याचे पहिले अक्षर सी, डी, ई किंवा एफ असेल, तर तो स्थिर प्रकारचा असतो; तो एकदा निवडला की निदान उपकरण पुन्हा सुरू होईपर्यंत, आणि अनेक उपकरणांत कायमचा, तसाच राहतो. पहिला अंक ४ ते ७ असेल, तर तो ठरावीक काळाने, साधारणपणे १५ मिनिटांनी, बदलणारा पत्ता असतो आणि ज्याच्याकडे जोडणीच्या वेळची गुप्त किल्ली आहे त्यालाच तो ओळखता येतो. हे सर्व तपासायला अँड्रॉइडच हवा, कारण आयफोन अ‍ॅपला खरा पत्ता दाखवतच नाही.

उत्तर २

वरील उत्तर योग्य आहे, मात्र पत्ता बदलला म्हणजे काम झाले असे समजू नये. प्रसारित संदेशात पत्त्याखेरीज इतरही मजकूर असतो. पत्ता आणि तो मजकूर एकाच क्षणी बदलले नाहीत, तर जुन्या मजकुराच्या धाग्यावरून नवा पत्ता जुन्याशी जोडता येतो. बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये विंडोज १० आणि अ‍ॅपलच्या उपकरणांबाबत नेमके हेच दाखवून दिले. त्यासाठी कोणतेही कूट फोडावे लागले नाही, फक्त ऐकत राहावे लागले. मला ही गोष्ट सर्वाधिक अस्वस्थ करते.

त्याही खालचा थर रेडिओच्या चिपचा आहे. निर्मितीतील सूक्ष्म दोषांमुळे प्रत्येक चिपची वारंवारता किंचित वेगळी सरकलेली असते. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी सार्वजनिक जागी टिपलेल्या १६२ उपकरणांपैकी सुमारे ४० टक्के केवळ या ठशावरून वेगळी ओळखता आली. तापमान बदलले की ठसाही सरकतो, म्हणून ही पद्धत अचूक नाही. पण सेटिंगमधील कोणताही पर्याय तिला रोखत नाही, हेही तितकेच खरे.

वाय-फायविषयी एकच सूचना करतो. नाव लपवलेले नेटवर्क फोनमध्ये जतन केले असेल, तर फोनला ते नाव घेऊन हाक मारावी लागते, आणि त्या नावावरूनच तुमची ओळख लागू शकते. नेटवर्कचे नाव लपवणे सुरक्षित असते, हा समज सोडून द्यावा.

उत्तर ३

चिपच्या ठशाची चर्चा महत्त्वाची आहे. तरीही माझ्या मते बहुतेकांना खरा धोका ओळखीच्या माणसाने पिशवीत किंवा गाडीत ठेवलेल्या टॅगचा, म्हणजे वस्तू शोधण्यासाठीच्या छोट्या ब्लूटूथ उपकरणाचा, आहे. अशा टॅगविषयीची सूचना आयफोन व अँड्रॉइड या दोहोंवर, टॅग कोणत्याही कंपनीचा असला तरी, मिळावी यासाठी अ‍ॅपल आणि गूगल यांनी संयुक्त मानक तयार केले. मे २०२४ मध्ये ते आयओएस १७.५ आणि अँड्रॉइड ६ व त्यापुढील फोनवर आले. मात्र हे मानक न पाळणारा टॅग या जाळ्यातून सुटतो, आणि सूचना लगेच येईल याचीही हमी नसते. शंका असल्यास सूचनेची वाट न पाहता अँड्रॉइडच्या सेटिंगमधून स्वतः शोध घ्यावा. टॅग सापडलाच, तर तो नष्ट करण्याआधी त्याच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, कारण तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो. तो बंद केल्याचे ठेवणाऱ्याच्याही लक्षात येऊ शकते, म्हणून ज्यांना त्या व्यक्तीची भीती आहे त्यांनी आधी सुरक्षित जागी जावे.

आणखी एक गोष्ट म्हणजे अ‍ॅपना दिलेली परवानगी. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची उपकरणे’ ही वेगळी परवानगी आहे. ती ज्या अ‍ॅपला दिलेली असते, त्याला बाहेर रिसीव्हर बसवण्याची गरजच उरत नाही. तुमचा फोनच त्याचा रिसीव्हर होतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बँडच्या पत्त्याचे पहिले अक्षर ‘डी’ निघाले. दुसऱ्या फोनवरून पाहिले असता, माझ्या फोनशी जोडलेला असताना बँड यादीत दिसत नाही आणि ब्लूटूथ बंद करताच काही सेकंदांत दिसू लागतो. परवानग्यांची यादी पाहिली, तर एका फोटो संपादनाच्या अ‍ॅपलाही ‘जवळपासची उपकरणे’ दिलेली होती. ती काढून घेतली आहे आणि अ‍ॅप पूर्वीप्रमाणेच चालते. बँडच्या निर्मात्याला बदलत्या पत्त्याविषयी लेखी विचारणा केली आहे. उत्तर आले की येथेच लिहीन.