रायझन ३ ३२००जी ओव्हरक्लॉक करावा का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)

नमस्कार. माझ्या संगणकात रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, २४०० वेगाची ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी आणि प्रोसेसरसोबत मिळालेला पंखा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करताना टाइमलाइनवर दोन-तीन थर आले की प्रीव्ह्यू अडखळतो. नवा प्रोसेसर घेणे या हंगामात परवडणारे नाही, म्हणून ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग देऊन, चारही कोअर ४.१ गिगाहर्ट्झवर चालवण्याचा विचार आहे. त्याने जाणवण्याइतका फरक पडेल का आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते सुरक्षित राहील का?

उत्तर १ (सातपूर)

या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (मूळ बसच्या वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो) खुला आहे आणि बी४५० बोर्डवर तो बदलताही येतो (ए३२० चिपसेटवर ही सोय नाही; तो असता तर येथेच थांबावे लागले असते). तरीही फार अपेक्षा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९८ सालचा इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की अनेकदा थेट ४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीडपट वेगाने चालत असे. आज ती शिल्लक ताकद बूस्टच्या (गरजेनुसार आपोआप वाढणाऱ्या वेगाच्या) रूपाने कंपनीच वापरून घेते; आपल्या प्रोसेसरचा मूळ वेग ३.६ असला, तरी बूस्ट ४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. शिवाय वीजखप वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५ टक्के वेगासाठी १० टक्के व्होल्टेज वाढवावे लागले, तर उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी वाढते आणि सोबतचा छोटा पंखा ती सहज बाहेर टाकू शकत नाही.

उत्तर २ (इंदिरानगर)

खरी अडचण रॅमची दिसते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते आपल्या ८ जीबीतूनच वाटा घेते आणि २४०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती वाहू शकते. तशीच दुसरी पट्टी लावून ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहिती वाहणे) सुरू केले, की ही मर्यादा ३८.४ जीबी होते आणि एकूण रॅमही दुप्पट होते. मल्टिप्लायरला हात लावण्याआधी हा खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. चार स्लॉट असल्यास कोणते दोन वापरायचे, ते बोर्डच्या पुस्तिकेत पाहावे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी फाइल्स (मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती) तयार केल्यास प्रीव्ह्यू आजच पुष्कळ सुधारेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. दुसरी पट्टी घेतो. त्यानंतरही प्रोसेसरचा वेग वाढवायचा झाल्यास क्रम कसा ठेवावा?

उत्तर १ (सातपूर)

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. मग व्होल्टेज न वाढवता बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ३.९ गिगाहर्ट्झपासून सुरुवात करावी, एकेका टप्प्यावर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे चाचणीचे सॉफ्टवेअर) किंवा आपल्याच एखाद्या मोठ्या प्रोजेक्टचे रेंडरिंग चालवावे आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान पाहावे. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे; मी स्वतः ८० च्या वर जाऊ देणार नाही. डिसेंबरातल्या चाचणीवर मात्र विसंबू नये, कारण नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४० च्या आसपास जातो आणि खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही अधिक तापतो. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज बंद करून पुस्तिकेनुसार सीमॉस (बायॉसची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करावे, म्हणजे मूळ सेटिंग परत येते.