फ्रीबीएसडीसाठी रेड कार्ड कुठलं घ्यावं? जुनं कार्ड गेलं

छापखाना_सांगली:
मंडळी, मदत हवीये. आमचा छोटा प्रेस आहे, फाईल सर्व्हरला ४ टीबीच्या सहा सॅटा डिस्क, रेड ५ (सगळ्या डिस्क मिळून एकच, त्यातली एक गेली तरी डेटा राहतो), साधारण ९ टीबी डेटा. गेल्या महिन्यात ही जोडणी सांभाळणारं रेड कार्ड गेलं, डिस्क सगळ्या धडधाकट, पण दुसऱ्या कंपनीचं कार्ड उसनं आणून लावलं तर त्याला ॲरेच, म्हणजे डिस्कचा तो गटच, ओळखू येईना. शेवटी तेच मॉडेल जुन्या मालात मिळालं, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कवर नोंदलेली जुनी मांडणी) इम्पोर्ट केलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पाच दिवस काम बंद! आता नवीन मशीनवर फ्रीबीएसडी १४ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकतोय. इथे लाईट सारखी जाते. विकणारा म्हणतो कुठलंही कार्ड घ्या, सगळी चालतात. खरंच का?

रात्रपाळी:
नाही हो, अजिबात नाही. कार्डाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा, त्यातली चिप कुठली आणि तिचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीत आहे का ते आधी बघा. मेगारेडची जुनी कार्डं, म्हणजे ९२६० वगैरे, एमएफआय ड्रायव्हरवर चालतात आणि त्यासाठी एमएफआययूटिल हे कार्डावर नजर ठेवायचं टूल सिस्टीमसोबतच येतं. ९३६१ सारखी नंतरची एमआरसॅसवर, तिथे सहसा स्टोरसीएलआय वापरतात. असं टूल महत्त्वाचं, कारण डिस्क मेली हे रीस्टार्ट करून बायॉसमध्ये बघावं लागत असेल तर त्या रेडचा उपयोग काय?
पण मी तुमच्या जागी असतो तर रेड कार्ड घेतलंच नसतं. साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) घ्या, ९३००-८आय किंवा जुनं ९२११-८आय, आयटी फर्मवेअर (डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं) टाकलेलं, आणि वर झेडएफएस, ही फाईल सिस्टीम रेडचं काम स्वतःच करते. कार्ड मेलं तर दुसरं कुठलंही चालणारं एचबीए लावा, पूल (झेडएफएसचा डिस्कगट) इम्पोर्ट करा, काम सुरू.

जुना_ॲडमिन:
सहमत, फक्त हार्डवेअर रेड वाईटच असं नाही. यूएफएसवर (फ्रीबीएसडीची साधी फाईल सिस्टीम) डेटाबेस असेल तर राइट-बॅक कॅशचा, म्हणजे आधी कार्डाच्या मेमरीत आणि मग डिस्कवर लिहिण्याचा, वेग जाणवतो. मात्र कॅशला बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर पाहिजेच, नाहीतर लाईट गेली की कॅशमधलं सगळं गेलं. त्या बॅटऱ्या दोन-चार वर्षांत बसतात, आणि मग कार्ड गुपचूप राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिण्यावर) येतं, लोक म्हणतात सर्व्हर स्लो झाला.
लिनक्सवाल्यांनो, तुम्हीही बघून घ्या, रेड हॅट ८ या लिनक्समध्ये ९२११ च्या चिपचा सपोर्ट काढलाय, इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाहीत.

छापखाना_सांगली:
माझ्याकडे ते जुन्या मालातलं कार्ड आहेच, प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड ० (एकट्या डिस्कचा गट) करून झेडएफएसला देऊ का? खर्च वाचेल.

रात्रपाळी:
नका करू. प्रत्येक डिस्कवर त्या कार्डाचीच खूण बसणार, म्हणजे पुन्हा त्याच कार्डाच्या दावणीला. एचबीएच घ्या, झेडएफएसचं रेडझेड२ करा, १६ टीबीच्या आसपास जागा मिळेल आणि दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहील. एक मात्र, ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलीयेत, साध्या कॅबिनेटमध्ये भाजतात, हीटसिंकवर छोटा पंखा बसवा.
आणि डिस्क त्याच वापरणार असाल तर थांबा! रेड ५ मधला डेटा झेडएफएसला वाचता येत नाही, पूल बनवला की जुनं पुसलं जाणार. आधी ते ९ टीबी दुसरीकडे कॉपी करा, चार-पाच मोठ्या फाईल उघडून बघा, मगच डिस्कना हात लावा.

छापखाना_सांगली:
बरं झालं सांगितलंत, मी उद्याच करणार होतो. दोन बाहेरच्या डिस्क मागवतो आधी.