अनुभव धागा: अविनाश साबळे आणि स्टीपलचेस, जाणकारांनी लिहा

घोडबंदरची:
आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'गरिबीने घडवलेला धावपटू'. खाली अविनाश साबळेचा फोटो. बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेसची शेवटची लॅप लगेच आठवली (3000 मीटर धावत आडवे लाकडी अडथळे, म्हणजे बॅरियर, आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत). केनियाचा किबिवॉट 8 मिनिटं 11.15 सेकंद, आपला 8:11.20. 1994 नंतर राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीचं पदक केनियाबाहेर गेलंच नव्हतं! पण फॉरवर्डमध्ये काय, तर आईवडील वीटभट्टीवर आणि शाळेची सहा किलोमीटरची पायपीट. तेवढी पायपीट बीडमध्ये हजारो पोरं करतात हो. मग हाच कसा पोचला? ठाणे-नवी मुंबईत पोरांना धावायला शिकवणारे इथे बरेच आहेत, त्यांनी लिहा.

येऊरवाला:
बारावी, मग सैन्य. 5 महार रेजिमेंट. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम. स्पर्धेचं धावणं 2015 ला, तेही क्रॉसकंट्री. कोच अमरीश कुमार सरांनी स्टीपलचेसला वळवलं. 2018 ला भुवनेश्वरला 8:29.80, गोपाळ सैनींचा 1981 चा 8:30.88 चा राष्ट्रीय विक्रम गेला. पायपीट आणि विक्रम यांच्या मध्ये पोटभर खाणं, कोच आणि ट्रॅक आहे. फॉरवर्डवाले नेमकं तेच गाळतात.

कळव्याचा_बंड्या:
आमच्या ग्रुपवर पण आला. खाली 'जय हिंद' 43 वेळा 😄

नेरूळकर_काका:
घाईत लिहितोय, मुलं वॉर्मअप करतायत.
3000 मीटरमध्ये 28 बॅरियर, 7 वॉटर जंप. पहिला तुकडा मोकळा, मग सात लॅप, प्रत्येकीत पाच उड्या, त्यातली चौथी पाण्याची. पुरुषांचा बॅरियर 91.4 सेंमी, बायकांचा 76.2. वजन 80 ते 100 किलो. 110 मीटरचं हर्डल धक्का लागला की पडतं, हे हलतही नाही. ढोपर आपटलं तर ढोपरच जातं.
आणि पावलं मोजून येता येत नाही. समोर पाच-सहा जणांची गर्दी, बॅरियर शेवटच्या क्षणी दिसतो. म्हणून दोन्ही पायांनी उडी घेता आली पाहिजे. एकाच पायाची सवय असलेला मुलगा बॅरियरआधी तीन-चार बारीक पावलं टाकतो. तिथे वेग मरतो आणि मागचा अंगावर येतो.

घोडबंदरची:
काका, दोहाच्या 2019 च्या जागतिक स्पर्धेत अविनाश हीटमध्ये (पात्रता फेरीत) गर्दीतच अडकला होता ना?

नेरूळकर_काका:
हो. दुसऱ्याच्या पडण्यात अडकला, थांबावं लागलं. तरी 8:25.23. आपल्या फेडरेशनने अपील केलं म्हणून फायनल मिळाली, तिथे 8:21.37 आणि टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट. अपील वेळेत करणं हेही कामच असतं.

ऐरोलीची_स्मिता:
बायकांच्या स्टीपलचेसमधल्या ललिता बाबरला विसरू नका कुणी. मोही, माण तालुका, दुष्काळी भाग. रिओ ऑलिम्पिकला हीटमध्ये 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम, फायनलला दहावी. 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई. तो विक्रम पारुल चौधरीने 2023 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मोडला, 9:15.31.
बायकांचा बॅरियर खाली पण पाण्याचा खड्डा तोच, 3.66 मीटर. बॅरियरपाशी पाणी सगळ्यात खोल, पुढे उतार वर येतो. कमी उंचीवरून रेटा कमी मिळतो, मग पाय खोल पाण्यात पडतो आणि बूट जड. लांब उडी घेतली की घोट्याएवढंच पाणी.

बंड्या_२:
इकडे पावसाळ्यात स्टेशनबाहेर रोज वॉटर जंप असतो, फायनललाच घ्या 😂

नेरूळकर_काका:
😄 वॉटर जंपचं थोडं सविस्तर. 10-15 मीटर आधी वेग वाढवायचा, कमी करायचा नाही. पाऊल बॅरियरच्या वरच्या कडेवर, टाच टेकवायची नाही. गुडघा वाकलेला, डोकं खाली, आणि रेटा पुढे. वर रेटलं की धपकन खाली येतो. एक पाय पाण्यात, दुसरा थेट कोरड्यावर. दोन्ही पाय पाण्यात म्हणजे गाडी थांबली. दमल्यावर गुडघा आत वळतो, तिथे एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, जातो. 2025 ला मोनाकोत अविनाश वॉटर जंपवरच पडला, एसीएल गेला आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

खारघरी_मनोज:
काका, आमच्या मैदानावर खड्डाच नाही. पोरांना कसं शिकवायचं?

नेरूळकर_काका:
लांब उडीचा वाळूचा खड्डा घ्या. त्याच्यापुढे पक्का लाकडी बाक, 60 सेंमीचा, वर रबरी चटई खिळ्याने ठोकून. प्लास्टिकचं स्टूल अजिबात नको, सरकतं. आधी चालत, फक्त मागचा पाय बाजूने काढायचा. मग सहा पावलांवरून, डावा-उजवा आलटून पालटून. खडूची खूण पहिले दोन आठवडेच ठेवा, नाहीतर पोरं खुणेलाच चिकटतात. बॅरियर घालून 400 च्या फेऱ्या त्यानंतर. 18 च्या आतल्या मुलांना 2000 मीटर असते, तिथे 18 बॅरियर आणि 5 वॉटर जंप.

येऊरवाला:
पोटऱ्यांसाठी येऊरचा चढ. फाटकापासून 60-70 सेकंद वर, चालत खाली, सहा वेळा. पाम बीचच्या डांबरावर रोज धावू नका, नडग्या दुखतात.

ऐरोलीची_स्मिता:
सुती मोजे नकोत, पाणी धरतात. जाळीचे स्पाइक्स, 6 मिमीच्या पिना, लेस आत खोचलेली.

कळव्याचा_बंड्या:
आणि मामलेदारची मिसळ शर्यतीआधी की नंतर?

येऊरवाला:
आधी खाल्लीस तर 3000 मीटर तसाही पळशील, दिशा वेगळी 😄

घोडबंदरची:
😂 बरं, 5000 ला पण त्याने विक्रम केला होता ना?

येऊरवाला:
2022 ला, अमेरिकेत. 13:25.65. बहादूर प्रसाद यांचा 1992 चा गेला. सपाटीचा वेग असल्याशिवाय स्टीपलचेसला 8:09.91 होत नाही ताई. पॅरिस डायमंड लीग, 2024.

खारघरी_मनोज:
काका, बाक बनवून घेतो. सागवान परवडणार नाही, जांभूळ चालेल का?

नेरूळकर_काका:
चालेल. कडा गोल करून घ्या, आणि पाय मागे-पुढे पसरट, नाहीतर उलटतो.