अनुभव धागा: गेमिंगसाठी लिनक्स – डिस्ट्रो, ड्रायव्हर आणि घोडं कुठे अडतं

गेमिंगसाठी लिनक्स टाकू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा. ‘अमुक डिस्ट्रो बेस्ट’ एवढंच नको (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार संच, जसं फेडोरा, डेबियन). काय अडतं आणि का, ते हवं.

तळघर:
डिस्ट्रोच्या आधी गेमची यादी करा. २०१८ साली व्हॉल्वने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) आणल्यापासून एकट्याने खेळायचे बहुतेक गेम त्यांच्या स्टीम या गेमच्या दुकानातून सरळ चालतात. अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधली फसवाफसवी पकडणाऱ्या प्रोग्रामपाशी. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय लिनक्सवर चालू शकतात, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते. व्हॅलोरंट, फोर्टनाइट चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४च्या ऑक्टोबरात बनवणाऱ्यांनीच लिनक्सला दार लावलं. रोज हेच खेळत असाल तर विंडोज ठेवा, उगाच हट्ट नको. बाकी गेमसाठी प्रोटॉनडीबी ही साइट, कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो ते तिथे लोक लिहितात. नुसतं गेमचं मेडल बघू नका, आपल्याच ग्राफिक्स कार्डवाल्यांचे ताजे रिपोर्ट वाचा.

मधली_कळ:
एएमडी कार्डाचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) यांतच येतो, वेगळं काही टाकायचं नाही. फक्त कार्ड नवंकोरं असेल तर डेबियन स्टेबल नको, त्यात हे दोन्ही जुने असतात. फेडोरा किंवा आर्चच्या घराण्यातलं काही घ्या.

एनव्हीडियाला जरा सबुरी लागते. फेडोरावर आरपीएम फ्युजनमधून (फेडोरासाठीचं जादा सॉफ्टवेअर भांडार) ड्रायव्हर टाकल्या टाकल्या रीबूट करू नका. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) मागे बनत असतं, पाचेक मिनिटं जातात. ‘मॉडइन्फो’ कमांडने व्हर्जन दाखवलं की मगच रीबूट. सिक्युअर बूट (बूट होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, म्हणून आधी सहीची किल्ली (‘की’) इम्पोर्ट करायची. ती मान्य करायला पुढच्या बूटला निळा स्क्रीन येतो. १० सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि इम्पोर्ट पुन्हा पहिल्यापासून.

खटपट्या:
विंडोजच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशनवरची स्टीम लायब्ररी तशीच जोडायचा मोह टाळा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’त खोटं सी ड्राइव्ह मांडतो, त्यातल्या लिंकच्या नावात कोलन असतो. विंडोजला तो चालत नाही, मग त्याचा डिस्क-चेक त्या लिंक बिघडवतो. मग गेम प्ले दाबल्यावर क्षणभर ‘रनिंग’ दाखवून गप्प बसतो, एरर नाही की काही नाही. लायब्ररी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवरच ठेवा.

मधली_कळ:
+१. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पीसी पूर्ण बंद न करणारी सोय) बंद करा, नाहीतर ते पार्टिशन नुसतं वाचण्यापुरतं माउंट होतं.

साखळदंड:
ज्यांना खटपट नकोच त्यांनी बॅझाइट घ्या, ही गेमिंगसाठी तयार करून दिलेली डिस्ट्रो. एनव्हीडियासाठी इमेज वेगळी आहे, डाउनलोड करतानाच बघा. अपडेट बिघडलं तर बूट मेनूतून आधीचं निवडायचं, झालं. सिस्टिमच्या फायली कुलूपबंद असतात, त्यांत हात घालायची खोड असलेल्यांना मात्र जाच वाटेल.

तळघर:
गेम उठतच नसेल तर स्टीममधल्या लाँच ऑप्शन्समधलं (गेम सुरू करतानाच्या जादा कमांड) इकडून तिकडून चिकटवलेलं सगळं आधी पुसा. मग प्रोटॉनचं व्हर्जन बदलून बघा. जीई-प्रोटॉन ही बाहेरच्यांनी बनवलेली आवृत्ती प्रोटॉनअप-क्यूटी या ॲपमधून मिळते. तरी नाही, तर त्या गेमचं कॉम्पॅटडेटा फोल्डर उडवा, ते नव्याने बनतं. क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचं सेव्ह बहुधा त्यातच असतं, आधी कॉपी काढा!